अकरावीचं कॉलेज बघताना माहितीपत्रक नको, टाईमटेबल मागा

मागच्या जूनमध्ये मुखेडकडचे एक काका लेकीला घेऊन आमच्या स्टाफरूमच्या दारात उभे होते. पेरणी अर्धी टाकून आलेले, चपलेला काळी माती तशीच, हातात पिशवी आणि पिशवीत सात-आठ कॉलेजांची रंगीत माहितीपत्रकं. पोरीला दहावीला ८९ टक्के. काका म्हणाले, "मॅडम, समदेच म्हनायलेत आमचं बेस्ट हाय, आता तुमीच सांगा पीसीबी घ्यावं का पीसीएमबी, आमाला तर ह्यातलं काई कळना." (हे सायन्सच्या विषयांचे गट, पुढं उलगडून सांगते.) मी पोरीला विचारलं, तुला काय व्हायचंय बाळा. ती बापाकडं बघितली आणि हळूच म्हणाली, कृषी अधिकारी.

मी ती सगळी पत्रकं टेबलावर पसरून वाचली. सगळ्यांवर पांढरा कोट घातलेली मुलं, मागच्या वर्षीच्या टॉपरांचे फोटो, एसी क्लासरूम, सीसीटीव्ही. पण अकरावीला कुठले कुठले विषय आहेत, कशासोबत काय घेता येतं, प्रॅक्टिकल आठवड्यातनं किती, हे एकावरही नव्हतं. म्हणजे ज्या गोष्टीसाठी माणूस पैसे भरणार तीच छापलेली नाही.

मी फिजिक्स शिकवते. आधी काही वर्षं अनुदानित कॉलेजात तासिका तत्त्वावर आणि आता एका स्वयंअर्थसहाय्यित ज्युनियर कॉलेजात. दर जून-जुलैला हेच प्रश्न येतात म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढतेय, विशेषतः ज्यांच्या घरातलं पहिलंच लेकरू दहावी पास होऊन गाव सोडून लातूर, नांदेड, संभाजीनगरला निघालंय त्यांच्यासाठी. थोडं लांबलंय, पण दोन वर्षांचा प्रश्न आहे, एका जागी बसून वाचा.

पायरी १ : शाळा कुठल्या प्रकारची आणि बोर्ड कुठलं

आपल्याकडं ज्युनियर कॉलेजं ढोबळमानानं तीन प्रकारची. अनुदानित म्हणजे शिक्षकांचा पगार सरकार देतं, फी अगदी कमी. विनाअनुदानित म्हणजे संस्था आपल्या पैशानं चालवते, काहींना थोडं थोडं अनुदान सुरू झालंय, त्यांना अंशतः अनुदानित म्हणतात. आणि तिसरी स्वयंअर्थसहाय्यित, ही २०१२ च्या कायद्यानं आली, ह्यांना सरकारचा पैसा मिळत नाही, सगळा खर्च फीमधून. एकाच संस्थेत एकाच इमारतीत हे तिन्ही प्रकार असू शकतात बरं का! सायन्सची एक तुकडी अनुदानित आणि दुसरी स्वयंअर्थसहाय्यित, बाक तेच, सर तेच, फी मात्र कितीतरी जास्त. म्हणून "कॉलेज अनुदानित आहे का" असं विचारू नका, "माझ्या लेकराला मिळणारी तुकडी अनुदानित आहे का" असं विचारा. ऑनलाईन फॉर्ममध्ये प्रत्येक तुकडीपुढं ते लिहिलेलं असतं, फक्त बघायचं राहून जातं.

स्वयंअर्थसहाय्यित म्हणजे वाईट असं मुळीच नाही, मी स्वतः तिथंच शिकवते. तिथं नवीन विषय सुरू करायला संस्था लवकर तयार होते, वर्गही आटोपशीर असू शकतो. पण शिक्षक सोडून जायचं प्रमाणही तिथंच जास्त, कारण पगार. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

आता बोर्ड. राज्य मंडळाचा बारावीचा हिशोब सरळ आहे, सहा विषय, प्रत्येकी १०० मार्क, पासिंग ३५ ला. इंग्रजी सगळ्यांना सक्तीचं. आपल्या मराठवाड्यात दोन विभागीय मंडळं, लातूर मंडळाकडं लातूर, नांदेड, धाराशिव आणि बाकीचे पाच जिल्हे संभाजीनगर मंडळाकडं. मार्कशीट, दुरुस्ती, पुनर्मूल्यांकन, कशाचंही काम पडलं तर आपलं मंडळ कुठलं हे माहीत पाहिजे.

सीबीएसई म्हणजे केंद्राच्या बोर्डाला पाच मुख्य विषय आणि वाटलं तर सहावा जादा. पासिंग ३३. तिथं दुसरी भाषा घ्यावीच लागत नाही, त्यामुळं फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्ससोबत कॉम्प्युटर सायन्स किंवा फिजिकल एज्युकेशन असं जमतं, आणि कॉमर्सवाल्यांना अप्लाईड मॅथेमॅटिक्स नावाचं वेगळं गणित मिळतं. पुस्तकं एनसीईआरटीची, मेडिकलची नीट आणि इंजिनिअरिंगची जेईई ह्या प्रवेश परीक्षांचा पायाच ती असल्यानं त्याचा फायदा आहे. पण मराठी माध्यमातनं आलेलं लेकरू एकदम सीबीएसईत टाकायचं असेल तर दहादा विचार करा, भाषा बदलणार, पेपरची पद्धत बदलणार आणि सोबतची पोरं आधीपासनं त्यातच वाढलेली असतात. राज्य मंडळात राहून एनसीईआरटी सोबत वाचणारी पोरं दरवर्षी नीट काढतात, ते अवघड नाही.

एक गोष्ट मात्र ठळक करून सांगते, उदगीर, देगलूर, निलंगा, बिलोली ह्या सीमेवरच्या पालकांनी तर लक्ष देऊनच वाचा. बिदर जवळ पडतंय, हैदराबादला मोठे क्लास आहेत, म्हणून अकरावी-बारावी तिकडं करायचं ठरवलं तर महाराष्ट्राच्या मेडिकल प्रवेशातला ८५ टक्क्यांचा राज्य कोटा हातचा जायची वेळ येते, कारण त्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळेतनं पास असावं लागतं, डोमिसाईल म्हणजे राज्यातल्या रहिवासाचा दाखला तर लागतोच. बोर्ड कुठलंही चालतं, जागा महाराष्ट्रातली पाहिजे. राजस्थानातल्या कोटा शहरात जाऊन तिथल्याच शाळेत नाव घालणाऱ्यांचंही तेच होतं. काही वर्गांना ह्यात सवलत असते पण ती आपल्याला लागू आहे का हे आधी तपासायचं, बारावी झाल्यावर नाही. आणि अजून एक, मराठवाड्याला मेडिकलला वेगळा कोटा असतो असं अजूनही पारावर ऐकू येतं. तो ७०:३० चा फॉर्म्युला २०२० मध्ये बंद झालाय, आता सगळ्या राज्याची एकच यादी.

पायरी २ : गटाच्या नावात काय काय दडलंय ते उघडून बघा

सायन्सला पीसीएम, पीसीबी आणि पीसीएमबी हे तीन शब्द कानावर पडतात. फिजिक्स आणि केमिस्ट्री तिन्हीत आहे, फरक मॅथ्स आणि बायोलॉजीचा. पीसीएमबी म्हणजे दोन्ही. हे चार आणि इंग्रजी एक, असे पाच झाले, सहावी जागा उरते ती दुसऱ्या भाषेची, मराठी, हिंदी, संस्कृत, उर्दू, पाली असं काहीही, किंवा भाषेच्या जागी आयटी म्हणजे इन्फॉर्मेशन टेक्नॉलॉजी. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीला ७० चा पेपर आणि ३० चं प्रॅक्टिकल, मॅथ्स ८० अधिक २०. नुसतं पीसीएम किंवा पीसीबी घेतलं तर सुटलेल्या विषयाच्या जागी दुसरा काहीतरी घ्यावा लागतो, बऱ्याच ठिकाणी भूगोल वगैरे देतात, आणि तो विषय शिकवायला माणूस आहे का हे कुणीच विचारत नाही. विचारा.

आयटीबद्दल थोडं. ह्याचा बोर्डाचा पेपर कॉम्प्युटरवर ऑनलाईन होतो आणि मार्क चांगले पडतात म्हणून पोरं घेतात. चांगलंय, पण कॉलेजात चालू अवस्थेतले कॉम्प्युटर किती आणि एका बॅचला किती पोरं, हे बघूनच घ्या. मराठी ठेवली तरी काही बिघडत नाही, उलट एमपीएससीचा विचार असलेल्यांना मी मराठीच घ्या म्हणते.

मग येतं बायफोकल. हा शब्द ऐकला की काहीतरी मोठं असल्यासारखं वाटतं. खरं म्हणजे दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय, असे दोन काढून त्या जागी २०० मार्कांचा एक व्यावसायिक विषय. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, क्रॉप सायन्स, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स असे बरेच आहेत, प्रत्येक कॉलेजला एखाद-दोनच मंजूर असतात. कॉम्प्युटर सायन्सचे दोन पेपर, प्रत्येकात ५० लेखी आणि ५० प्रॅक्टिकल, त्यामुळं टक्केवारी वर जाते, इंजिनिअरिंगला जाणाऱ्याला डोक्याला ताणही कमी. पण नीट लक्ष द्या, बायफोकल घेतलं की मॅथ्स किंवा बायोलॉजी ह्यातलं एक सुटतं, आणि बहुतेक ठिकाणी सुटतं ते बायोलॉजी. माझ्याकडं एकदा एक मुलगी बारावीच्या दिवाळीत रडत आली होती, तिला नीट द्यायची होती आणि अकरावीला मैत्रिणीनं घेतलं म्हणून तिनं इलेक्ट्रॉनिक्स घेतलेलं. दीड वर्ष घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही की तिच्या दप्तरात बायोलॉजीचं पुस्तकच नाही. वर्गावर येणाऱ्या आम्हा शिक्षकांच्या तरी कुठं लक्षात आलं! तेव्हापासनं मी अकरावीच्या पहिल्या तासाला प्रत्येक लेकराला उभं करून विचारते, तुझे सहा विषय सांग आणि पुढं काय करायचंय ते सांग.

कॉमर्सला इंग्रजी, एक भाषा किंवा आयटी, इकॉनॉमिक्स, बुक-कीपिंग म्हणजे बीके, ओसीएम म्हणजे ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स अँड मॅनेजमेंट आणि सहाव्या जागी एसपी म्हणजे सेक्रेटेरियल प्रॅक्टिस नाहीतर मॅथ्स. सोपं पडतं म्हणून सगळे एसपीकडं धावतात. सीए, स्टॅटिस्टिक्स, डेटाचं काही किंवा चांगल्या ठिकाणी बीबीए करायचं असेल तर मॅथ्स घ्या, सीए फाउंडेशनच्या चार पेपरांत एक अख्खा पेपर गणित-सांख्यिकीचाच आहे. मराठवाड्यात कॉमर्सकडं लोक उगाच दुर्लक्ष करतात. मोंढ्यात जाऊन बघा, चांगला अकाउंटंट मिळत नाही म्हणून आडतवाले हैराण असतात.

आर्ट्सला विषयांची निवड सगळ्यात मोठी, इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, तर्कशास्त्र. कागदावर. प्रत्यक्षात कॉलेज चारच देतं आणि तेही ठरवून. स्पर्धा परीक्षा करायची असेल तर इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र हे चार मिळतात का बघा. ८५ टक्क्यांचं लेकरू आर्ट्सला जातंय म्हटलं की नातेवाईक घरी येऊन समजूत काढतात, त्यांना चहा पाजा आणि लेकराचं ऐका.

एचएससी व्होकेशनल म्हणजे पूर्वीचं एमसीव्हीसी, ज्यांना बारावीसोबत हातात काम पाहिजे त्यांच्यासाठी. तिथनं किंवा बारावी सायन्सनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

पायरी ३ : आधी दार ठरवा, मग विषय

म्हणजे उलटं मोजत या. डॉक्टर, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी ह्या सगळ्याला नीट, आणि नीट म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. १८० प्रश्न, ७२० मार्क, त्यात ९० प्रश्न एकट्या बायोलॉजीचे, म्हणजे अर्धे मार्क. बरोबर उत्तराला ४ आणि चुकलं की १ वजा. पेपर मराठीतनं पण देता येतो, हे खेड्यातल्या कितीतरी पोरांना माहीत नसतं. बारावीला पीसीबी मिळून खुल्या गटाला ५० टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के लागतात, म्हणजे बोर्ड अगदीच सोडून देऊन चालत नाही.

इंजिनिअरिंगला एमएचटी-सीईटी ह्या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा पीसीएम गट, मोठ्या संस्थांना जेईई. सीईटी २०० मार्कांची, निगेटिव्ह मार्किंग नाही, अकरावीचा भाग साधारण २० टक्के आणि बारावीचा ८० टक्के. मॅथ्सचे ५० प्रश्न प्रत्येकी २ मार्कांचे, म्हणून मॅथ्स पक्कं असलेलं लेकरू सीईटीला लांब पळतं. फार्मसीला फिजिक्स-केमिस्ट्री पाहिजेच, सोबत मॅथ्स किंवा बायोलॉजी. बीएस्सी नर्सिंगला पीसीबी आणि त्याची वेगळी सीईटी.

आणि ॲग्री. आपल्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाखाली परभणी, लातूर, अंबाजोगाई, बदनापूर, धाराशिव अशी कृषी महाविद्यालयं आहेत, तिथं सीईटीचा पीसीएम गट पण चालतो आणि पीसीबी पण. म्हणजे मुखेडच्या त्या पोरीला कुठलाही गट चालला असता. पण तिला गणित आवडत होतं आणि बायोलॉजीत पण रस होता, मनात पुढं बदल झाला तर दोन्ही वाटा मोकळ्या राहाव्यात म्हणून आम्ही तिला पीसीएमबी सांगितलं. सगळ्यांना मी ते सांगत नाही. ज्या लेकराला नववी-दहावीला गणितानं रडवलंय आणि नर्सिंगच करायचंय हे ठरलंय, त्याच्या गळ्यात मॅथ्स बांधून दोन वर्षं छळू नका.

सैन्यात जायचंय अशा पोरांनी एनडीएचं म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं बघा. नेव्ही आणि एअरफोर्सला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं, आर्मीला कुठलीही शाखा चालते पण परीक्षेत गणित आहेच. संभाजीनगरला १९७७ पासून राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, सगळे एसपीआय म्हणतात, दहावीच्या मुलांची परीक्षा घेऊन अकरावी-बारावीची दोन वर्षं तिथं तयारी करून घेतात. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला आहे. ह्या संस्थांचे फॉर्म दहावीत असतानाच निघतात, निकालानंतर जाग आली तर उपयोग नाही.

पायरी ४ : कॉलेजात जा आणि टाईमटेबल मागा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि नेमकी हीच लोक गाळतात. ऑफिसात गेलात की पत्रक बाजूला ठेवा आणि म्हणा, "मागच्या वर्षीचं अकरावीचं टाईमटेबल दाखवा." एक साधा कागद असतो, नोटीस बोर्डवर लावलेला असतोच. तो दाखवायला नाही म्हणाले तर तिथंच अर्धं उत्तर मिळालं.

कागद हातात आला की काय बघायचं? सहाही विषयांचे तास लावलेत का. खूप ठिकाणी फक्त फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, मॅथ्स दिसतं आणि इंग्रजी, मराठी नावालाच आठवड्यातनं एखादा तास. बोर्डाला इंग्रजीत गचका बसलेली हुशार पोरं मी बघितलीत. नंतर बघा प्रत्येक विषयापुढं कुणाचं नाव आहे. एकाच सरांचं नाव दोन विषयांपुढं असेल किंवा नावाच्या जागी "नवीन शिक्षक" असेल तर विचारा, त्या विषयाला माणूस कधी येणार. मागच्या दोन वर्षांत त्या विषयाचे किती शिक्षक बदलले हे शिपाईमामाला विचारा, ते खरं सांगतात. मग प्रॅक्टिकलच्या बॅचेस बघा, प्रत्येक लेकराला आठवड्यातनं फिजिक्सच्या लॅबमध्ये एकदा तरी जायला मिळतंय का.

आणि लॅब उघडून दाखवा म्हणा. मी एकदा एका कॉलेजात बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बाहेरची परीक्षक म्हणून गेले होते. लॅब इतकी चकाचक की बघत राहावं. एका पोराला व्हर्निअर कॅलिपर दिला, गोळीचा व्यास मोज म्हटलं. त्यानं तो हातात उलटसुलट केला, जबडा कुठनं सरकतो हेच त्याला सापडेना, मग हळूच म्हणाला, मॅडम रीडिंग पाठ आहे, लिहू का? त्या कपाटातले निम्मे कॅलिपर अजून कंपनीच्या तेलकट कागदात गुंडाळलेले होते. पोराचा काय दोष? मला अजूनही त्याचा चेहरा आठवतो. म्हणून लॅबमध्ये गेलात की स्वच्छता बघू नका, वापराच्या खुणा बघा. टेबलावर ॲसिडचे डाग आहेत का, ब्युरेटची तोटी फिरते का, मायक्रोस्कोपची भिंग पुसायचं फडकं मळलंय का. मळलेलं असेल तर छान.

इंटिग्रेटेडचं पण इथंच समजून घ्या. इंटिग्रेटेड म्हणजे कॉलेज आणि क्लास एकाच छताखाली, सकाळी बोर्ड आणि दुपारी नीट-जेईई. चांगलं चाललं तर लेकराची पळापळ वाचते. पण काही ठिकाणी नाव एका कॉलेजात, बसायचं दुसऱ्याच बिल्डिंगमधल्या क्लासला, आणि कॉलेजचं तोंड थेट परीक्षेलाच. बोर्डाचा ७५ टक्के हजेरीचा नियम आहे, तपासणी लागली की भोगायचं लेकरानं. शिवाय प्रॅक्टिकलचे ३०-३० मार्क कुठनं येणार? लातूर पॅटर्नचं नाव घेऊन सगळे जाहिरात करतात, पण ज्या कॉलेजांनी तो पॅटर्न घडवला तिथं वर्गावर जाणारे शिक्षक, जादा तास आणि सतत सराव परीक्षा हाच त्याचा गाभा होता. डॉ. जनार्दन वाघमारे ज्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते तिथलं किंवा दयानंद कॉलेजचं जुन्या लोकांकडनं ऐका, कॉलेजच्या वर्गातच शिकवलं जायचं.

वसतिगृहाचं थोडक्यात, मेसमध्ये एक वेळ स्वतः जेवा आणि उन्हाळ्यात पाणी कुठनं येतं विचारा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं हे आपण विसरलो असलो तरी मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या होस्टेलच्या पोरी विसरत नाहीत. गाव जवळ असेल तर मुलीला येऊन-जाऊन करू द्या, ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास मिळतो.

पायरी ५ : फॉर्म, पसंतीक्रम आणि कागदं

२०२५ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाईन झालाय, खेड्यातल्या कॉलेजलासुद्धा. फॉर्मचे दोन भाग, पहिल्यात वैयक्तिक माहिती, दुसऱ्यात कॉलेजांचा पसंतीक्रम, जास्तीत जास्त १० टाकता येतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथं प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतनं बाहेर. त्यामुळं "टाकून बघू" म्हणून एक नंबरला काहीही टाकू नका. पसंती टाकताना कॉलेजच्या नावावर जाऊ नका, शाखा, माध्यम आणि अनुदानाचा प्रकार मिळून एक कोड असतो, तो तपासा. फॉर्म भरणाऱ्या सेंटरवाल्या दादाच्या घाईत अनुदानितच्या जागी स्वयंअर्थसहाय्यित टिक झालेली प्रकरणं दरवर्षी येतात. स्क्रीनवर लेकराला स्वतः वाचायला लावा.

त्याच संस्थेच्या शाळेतनं दहावी केली असेल तर १० टक्के इन-हाऊस कोटा असतो, तो विचारा. व्यवस्थापन कोटा ५ टक्के. बायफोकलसाठी मात्र प्रवेश पक्का झाल्यावर कॉलेज वेगळी यादी लावतं, तेव्हा नोटीस बोर्डवर लक्ष ठेवा.

कागदांमध्ये दहावीचं मार्कशीट, टीसी, आधार, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला हे तर सगळे सांगतात. मी सांगते ते जात पडताळणीचं. सायन्सच्या लेकरानं अकरावीतच व्हॅलिडिटीचा अर्ज ऑनलाईन भरून कॉलेजच्या सही-शिक्क्यासकट समितीकडं द्यावा, कारण बारावीनंतर मेडिकल-इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला ती लागतेच आणि तेव्हा सगळ्यांची एकदम झुंबड उडते. पुरावा एससीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, व्हीजेएनटीला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा आणि ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा लागतो. आपल्याकडं १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, त्यामुळं जुनी महसुली कागदं बऱ्याचदा उर्दूत, खासरा पाहणी, शाळेचा जुना प्रवेश रजिस्टर, ते शोधायचं, नक्कल काढायची, भाषांतर करून घ्यायचं, ह्यात सहा महिने कसे जातात कळत नाही. आजोबा किंवा पणजोबा कुठल्या शाळेत होते हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारून ठेवा.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा फॉर्म सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अकरावीपासनंच भरता येतो, त्यासाठी आधारला जोडलेलं लेकराच्या नावाचं बँक खातं चालू पाहिजे.

फीचं एवढंच, पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. प्रवेशासाठी देणगी घ्यायला १९८७ पासून कायद्यानं बंदी आहे. फीचा पूर्ण तक्ता दोन्ही वर्षांचा लेखी मागा, लॅब, बायफोकल, टेस्ट सिरीज, युनिफॉर्म सगळं धरून, कारण अकरावीची फी कमी आणि बारावीला एकदम उडी असं बऱ्याच ठिकाणी असतं आणि तेव्हा कॉलेज बदलता येत नाही. पुस्तकं बालभारतीच्या साईटवर पीडीएफ फुकट आहेत.

पायरी ६ : पहिले दोन महिने

मराठी माध्यमातनं सायन्सला आलेल्या लेकराला पहिल्या महिन्यात वाटतं आपण मूर्ख आहोत. दहावीला ज्यानं "त्वरण" पाठ केलं त्याच्यापुढं एकदम ॲक्सिलरेशन येतं, संवेगाचं मोमेंटम होतं, विस्थापनाचं डिस्प्लेसमेंट होतं, प्रकाशसंश्लेषणाचं फोटोसिंथेसिस होतं, आणि ते बिचारं माना डोलावतं पण काही कळत नाही. त्याला विषय येतोय, शब्द नवीन आहेत एवढंच. एक दोनशे पानी वही घ्या, मधोमध रेघ मारा, डावीकडं मराठी शब्द, उजवीकडं इंग्रजी, रोज पंधरा. माझ्या वर्गात मी ही वही तपासते. गणपतीपर्यंत बहुतेकांचं गाडं रुळावर येतं. तोपर्यंत पहिल्या युनिट टेस्टला २५ पैकी ७ मार्क पडले म्हणून घरी आरडाओरडा करू नका, फोनवर आधी जेवलास का विचारा.

विषय बदलायचा असेल तर पहिल्या काही आठवड्यांतच प्राचार्यांकडं लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. बारावीच्या बोर्डाच्या फॉर्मवर एकदा विषय गेले की मग हात बांधले जातात. तो फॉर्म भरायच्या दिवशी लेकराला सांगून ठेवा, सहाही विषय आणि त्यांचे कोड स्वतःच्या डोळ्यानं वाचून मगच सही करायची.

ती मुखेडची मुलगी आता आमच्याकडंच आहे, पीसीएमबी आणि सहावा विषय मराठी. परवा तिची वही बघितली, १,१४० शब्द झालेत, आणि शेवटच्या पानावर तिनं स्वतःच्या मनानं सोयाबीनच्या रोगांची नावं मराठी-इंग्रजीत लिहायला सुरुवात केलीय. येलो मोझॅकपुढं कंसात लिहिलंय, "आमच्या रानात आला होता, पप्पांना विचारणे."